सुईवरचा मफलर

लग्न होऊन मी चांद्याला आले त्या वर्षी थंडीच्या तोंडावर बाबांचं कार्ड आलं. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. खोकला जुनाच, पण स्वतःबद्दल ते कधी लिहायचे नाहीत. या वेळी शेवटी एक ओळ होती: 'गळा फार गारठतो.'

मी लगेच मफलर विणायला घेतला आणि बाबांना तसं कळवलंही. विणकाम मला शेजारणीनं शिकवलं होतं, खाणीतल्या बाबूच्या पंजाबी बायकोनं. टाके घालणं, उलटा, सुलटा, सगळं पंधरा दिवसांत झालं. शेवटी टाके बंद कसे करायचे ते मात्र 'बाद में' म्हणाली आणि बाळंतपणाला माहेरी निघून गेली. मी काही घाबरले नाही. सुरू करता येतं त्याला संपवता येणार नाही होय? अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली मी!

संक्रांतीनंतर ह्यांना रजा मिळाली आणि चांदा फोर्टवरून आम्ही छोट्या लाईनच्या गाडीत बसलो. सिंदेवाही सोडलं तेव्हा वीतभर काम राहिलं होतं. नागभीडला गाडी बराच वेळ थांबली, तिथं मफलर पुरा झाला. ऐटीत सुई काढायला गेले, तर पहिला टाका सुटला, त्याच्याखालचा सुटला, त्याच्याखालचाही. कसाबसा तो परत सुईवर चढवला.

डब्यात टोपल्या विणणाऱ्या बायका होत्या. त्यांना दाखवलं. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "गाठ मारून टाक ना माय." पण गाठ मारायची कुठं? चाळीस टाके, चाळीस तोंडं. हे म्हणाले, "सांगून टाक ना घरी, येत नाई म्हनून." मला इतका राग आला की ब्रह्मपुरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

वडशाहून बैलगाडीनं गावी पोचलो. बाबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. मी खाली उतरायच्या आधीच त्यांनी विचारलं, "झाला काय वं?"

"थोडा राहिला," मी म्हणाले.

एकदा खोटं बोलल्यावर करणार काय? त्यांच्याशेजारी बसून विणतच राहिले. मफलर वाढत गेला, खोकलाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "काऊन वं, हत्तीले घालाचा हाय काय?" त्याच संध्याकाळी लोकर संपली. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते खूप हसले आणि हसताना पुन्हा खोकले. "हत्ती गेला अन् शेपूट राह्यलं म्हंतेत, तसं झालं हे," म्हणत त्यांनी मफलर सुईसकट गळ्याशी नेला.

"नको बाबा!" मी ओरडलेच. "सुई निघाली तर सगळं उसवेल. तसाच ठेवा, मी शिकून येते."

टाक्यांतून एक दोरा ओवला असता तर भागलं असतं, हे आज कोणीही सांगेल. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. सुईच्या दोन्ही टोकांना चिंध्या बांधल्या आणि आम्ही परत निघालो.

पुढं मायनं एका विद्यार्थ्याकडून पत्र लिहवून घेतलं. 'मफलर पेटीत आहे. घाला म्हटलं तर पोरगी आल्यावर घालीन म्हणतात. रात्रंदिवस खोकतात.' मी उलट टपाली लिहिलं, उसवला तर उसवू द्या, पण घाला. बाबांचं उत्तर आलं: 'तुझी मेहनत माझ्या हातानं कशी उसवू?' स्वतःची एवढी चीड मला कधी आली नव्हती.

शेजारीण फाल्गुनात परतली. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून काढायचा, पुन्हा एक विणायचा. बस, एवढंच होतं! चित्र काढून पत्रात लिहायला बसले, तर मलाच माझं लिहिलेलं समजेना. ह्यांना रजा नव्हती, आणि एकटीनं जायची तेव्हा सोय नव्हती.

गेलो ते चैत्रात. मोहफुलं पडायचीही सरत आली होती, दुपारी ओट्यावर पाय ठेववत नव्हता. बाबा वाळले होते. पेटी उघडून त्यांनीच मफलर काढला. सुई होती तशी होती, चिंध्यांसकट. मायनं चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत, सोबत आणलेली लोकर जोडून, माझे टाके बंद झाले.

बाबांनी त्या उन्हात मफलरचे तीन वेढे गळ्याला घातले आणि तसेच गावभर दाखवून आले. कपाळावरून घाम गळत होता. मी "काढा ना आता" म्हणत त्यांच्यामागून हिंडत होते.

"राहू दे वं," ते म्हणाले. "लय ऊब हाय."

भाद्रपदात ते गेले. थंडी पडायला अजून दोन महिने होते.