अडकलेलं आमेन

आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये गीत संपलं की सगळे लांबवून ‘आमेन’ गायचे. आता तरुणांचा गट ड्रम, गिटार वाजवत एका गाण्यातून थेट दुसऱ्यात शिरतो. पुढच्या बाकावरच्या सुलोचनामावशी मात्र त्या गोंगाटातही आपलं आमेन गातातच. वर म्हणतात, “अरे, गाणं संपू तर द्या!” ड्रमवाला रॉबिन नुसता हसतो. मी मधल्या बाकावर. पाय ड्रमबरोबर हलतो, कान मावशींकडे. धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

आज मावशी तापाने घरीच होत्या. गाणं संपलं आणि रॉबिनच्या काठ्या हवेतच थांबल्या. त्याने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमेन माझ्या घशापर्यंत आलं. तेवढ्यात गिटार सुरू झाली.

जेवण झालं, भांडी झाली. ते अजून तिथंच अडकलंय.