मे महिन्यातले डगले

माझे साडू ज्या शतकात राहतात ते शतक संपून बराच काळ झाला, ही बातमी त्यांच्या कानावर घालण्याची हिंमत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात अजून कोणी केलेली नाही. एरवी ते तुमच्याआमच्यासारखेच आहेत. मोबाईल वापरतात, गॅसचा नंबर लावतात, सुरमईचा भाव ऐकून उदास होतात. पण कापडाचा विषय निघाला की ते थेट मराठ्यांच्या आरमारात रुजू होतात. लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांनी आयुष्यभर पाळ्या केल्या. तिथे रसायनं गाळायच्या जाड कापडी पिशव्या फाटल्या की शिवायचं काम त्यांच्याकडे असे. ज्या शिवणीतून अ‍ॅसिड बाहेर पडलं नाही तिच्यातून माणूस कसा बाहेर पडेल, असा त्यांचा साधा हिशेब. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीन मित्र आणि एक साडू, म्हणजे मी, एवढी फौज जमवली आणि दर मे महिन्यात पूर्णगडच्या किल्ल्यावर जुन्या शिबंदीची, म्हणजे गडावरच्या फौजेची, एक संध्याकाळ उभी करायची असं ठरवून टाकलं. मुंबईकर गावी आलेले असतात, त्यामुळे प्रेक्षकांची ददात नसते. पहारा बदलतो, खलिता येतो, तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, दर्यादरवाज्यातून वर येऊन गलबतांची वर्दी देतो आणि दरवाजा बंद होतो. हे सगळं तासाभरात आटपतं. उरलेलं वर्ष कपडे शिवण्यात जातं.

हे कपडे हाताने शिवलेले असतात. शिवणयंत्राला साडूंच्या घरात प्रवेश आहे, पण ते ताईंच्या ब्लाउजांपुरतं. (ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण.) बटण, चेन आणि इलॅस्टिक या तीन गोष्टींची नावंही ते एखाद्या वाया गेलेल्या नातेवाइकाचं घ्यावं तशी घेतात. आमच्यातले एक गृहस्थ एसटीत कंडक्टर होते, ते हरकारा होतात. एका वर्षी खलिता घेऊन धावत येताना त्यांच्या सुरवारीची नाडी सुटली. एका हातात खलिता, दुसऱ्या हातात सुरवार, त्यामुळे किल्लेदाराला मुजरा त्यांना नुसत्या मानेने करावा लागला. पुढच्या वर्षी तरी आतून इलॅस्टिक लावा, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. साडू शांतपणे म्हणाले, "नाडी तेव्हाही सुटत असणार. उलट तुमचाच प्रसंग सगळ्यांत अस्सल झाला." कंडक्टरांना हे कौतुक वाटलं, आणि ते आजही नाडीच बांधतात.

चष्म्यालाही बंदी आहे. आमचे किल्लेदार बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. चष्मा काढला की त्यांना माणूस आणि माड एवढाच फरक कळतो. एकदा गावच्या सरपंचांना मानाचा विडा द्यायचा होता, तो त्यांनी बर्फाच्या गोळेवाल्याला दिला. गोळेवाल्याने तो आदराने घेतला आणि तिथेच खाल्ला. रंगाचं तर विचारूच नका. साडूंना बाजारातला रंग चालत नाही. कात, हळद, हिरडा असलं काहीतरी उकळून ते कापड रंगवतात, आणि उकळायला घरातलं मोठं भांडं एकच, आंघोळीच्या पाण्याचं. डोंबिवलीहून आलेले एक पाहुणे पहाटे उठून त्याच पाण्याने आंघोळ करून मोकळे झाले आणि सुट्टी संपेपर्यंत काताच्या रंगाचे राहिले. ताई म्हणतात, "मी आता सगळ्यांना सांगत्ये, या घरात पाणी अंगावर घ्यायच्या आधी विचारून घ्यावं."

या सगळ्यामागे साडूंचा एकच प्रश्न असतो, "पुरावा काय?" पागोट्याचा पीळ डावीकडून की उजवीकडून, यावर त्यांनी आम्हाला तीन रविवार घराबाहेर पडू दिलं नव्हतं. ज्याला पुरावा नाही ते त्यांच्या सुईखालून जात नाही. लग्नात ते जेवायच्या आधी नवऱ्या मुलाच्या शेरवानीचं अस्तर उलटून पाहतात. एका नवऱ्या मुलाला त्यांनी ऐन स्टेजवर सांगितलं होतं, की तू घातलंयस ते कुठल्याही काळात कोणीही घातलेलं नाही. पोरगं चांगल्या घरातलं, म्हणून त्याने थँक्यू म्हटलं.

आता आमच्या तांडेलाविषयी सांगायला हवं. तांडेल म्हणजे इब्राहिम, पूर्णगडचाच. उभा जन्म जहाजावर गेलेला, साडूंचा शाळेपासूनचा दोस्त. माणूस कसला, दरवाजाच. तो दर्यादरवाज्यातून वर यायचा तेव्हा मागचा समुद्र दिसायचा बंद व्हायचा. "मास्तर, माज्या अंगरख्यात तुजा निम्मा ताका जातो," असं तो अभिमानाने म्हणायचा. आम्ही सगळे साडूंना मास्तरच म्हणतो. गावातली माणसं खरी इब्राहिमला बघायला यायची. आम्ही बाकीचे चौघे, खरं सांगायचं तर, तो येईपर्यंतचा वेळ काढत असू.

गेल्या वर्षी पावसाळ्यात इब्राहिम आजारी पडला. आधी रत्नागिरी, मग कोल्हापूर, मग मुंबई. मोठं ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि होळीच्या सुमाराला तो घरी आला. गावात तो बाहेर पडत नाही, असं कानावर आलं. नमाजालासुद्धा गर्दी पांगल्यावर जातो म्हणे. साडू मला घेऊन मापं घ्यायला गेले. इब्राहिम पडवीत बसला होता. मी त्याला ओळखलं ते आवाजावरून. तो म्हणाला, "यंदा दुसरा तांडेल बघा. मना बगून लोक काय बोलतील ता मना ऐकायचा नाय." साडूंनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्याला उभं केलं, छातीभोवती टेप टाकली. टेप पूर्वी ज्या आकड्याशी मिळायची तिथून ती पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि दोन्ही पदर एकमेकांवर चढले. साडूंनी क्षणभर त्या टेपेकडे पाहिलं आणि मला मोठ्याने मागच्या वर्षीचाच आकडा सांगितला. मी तो निमूटपणे लिहून घेतला. कंबरही मागच्याच वर्षीची सांगितली. इब्राहिम समुद्राकडे तोंड करून उभा होता.

पुढच्या रविवारी साडूंनी आम्हाला घरी बोलावून जाहीर केलं, की यंदा अंगरखे नाहीत, डगले. कापूस भरलेले, वरून टाके मारलेले जाड डगले. सगळ्यांना.

कंडक्टर म्हणाले, "मास्तर, म्हयना मेचा. मानूस शिजल आतल्या आत."

"शिबंदी असेच घालत असे," साडू म्हणाले.

बँकवाले किल्लेदार चष्मा पुसत म्हणाले, "थंडीत, घाटावर घालत असतील. इथे समुद्राकाठी, उन्हाळ्यात? याला पुरावा काय?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न साडूंना कोणीतरी विचारत होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आहे. सापडला की दाखवतो."

मग कंडक्टरांनी विचारलं, की इब्राहिमभाईंचं माप झालं का? साडू म्हणाले, झालं, मागच्यासारखंच आहे. त्यावर बँकवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, साडूंकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मग डगलेच बरे. माझ्यात जरा जास्त भरा." खरं तर त्यांना घाम इतका येतो की बँकेत ते टेबलावर टॉवेल ठेवून बसत.

साडूंनी ते पाच डगले कसे शिवले ते मी पाहिलं आहे. आमच्या चौघांत त्यांनी कापसाचा पातळ थर घातला. इब्राहिमच्या डगल्यात मात्र खांद्यावर, छातीवर, पोटावर थरावर थर लावत ते त्याला हळूहळू परत तयार करत होते. मधेच थांबून डोळे मिटत, हाताने हवेत आकार काढत आणि म्हणत, "पोट थोडं डावीकडे होतं त्याचं, नाही का?" मला आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. ताई एकदा चहा घेऊन आल्या, तो डगला बघून उभ्या राहिल्या आणि चहा ठेवून आत गेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी असं उकडत होतं की गडावरचे कुत्रेसुद्धा तटाच्या सावलीतून हलत नव्हते. आम्ही पाच जण कापसात होतो. किल्लेदारांच्या दाढीवरून घाम टपकत होता. खलिता कंडक्टरांच्या हातात ओला झाला. प्रेक्षकांतल्या एका मुंबईकराने विचारलं, की एवढ्या उन्हात हे कशासाठी? पहाऱ्यावर उभे असलेले माझे साडू भाला न हलवता म्हणाले, "इतिहास सोयीचा नसतो."

आणि मग दर्यादरवाज्यातून तांडेल वर आला. चेहरा ओढलेला होता, पण पागोटं खाली ओढून आणि केसांचे कल्ले लावून साडूंनी तोही बराचसा झाकला होता. खाली तो भरला डगला, आणि मागचा समुद्र दिसायचा बंद झाला. इब्राहिमने गलबतांची वर्दी दिली, जुन्याच आवाजात. बायकांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं, "इब्राहिमभाई सुधारलो हां." त्याने ते ऐकलं. वर्दीचं शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं.

दरवाजा बंद झाला, लोक उठले. साडू त्याच्या डगल्याचे बंद सोडायला पुढे झाले, तेव्हा इब्राहिमने त्यांचा हात धरला. "मना म्हायत हाय सगला," तो हळूच म्हणाला. "पण इतक्यात सोडू नको. घरापातूर असाच जातंय." तो गावातून, दुकानांवरून, मशिदीवरून, लोकांचे सलाम घेत सावकाश चालत गेला. आम्हीही डगले न काढता त्याच्या मागून गेलो. कोणी तसं ठरवलं नव्हतं. मी त्या दिवशी जितका उकडलो तितका कधीच उकडलो नसेन, आणि इतका आनंदही मला फार वेळा झालेला नाही.

घराच्या दारात त्याची बायको उभी होती. तिने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करत ती साडूंना म्हणाली, "भाऊजी, ह्यो आमच्याकडंच ऱ्हाव दे."

"राहू दे," साडू म्हणाले. "धुऊ मात्र नका. कापूस गोळा होतो."

पुढच्या मे महिन्याचं कापड आलं आहे. इब्राहिमचं माप घ्यायला कधी जायचं, असं विचारलं की साडू "बघू" म्हणतात, आणि टेप काढून पुन्हा माझंच माप घेतात. या महिन्यात ते कितव्यांदा घेतलं गेलं, मी मोजलेलं नाही; आकडा मात्र दर वेळी तोच येतो. ते "हात वर" म्हणतात, आणि मी हात वर करून उभा राहतो.