क्रू सोम यांचा एका दिवसाचा मुलगा

माझे वडील जिवंत आहेत.

आत्ताच बोललो. पोहे खाऊन पेपर वाचत बसलेत. काल कोणीतरी माझा टकला फोटो नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर टाकला आणि लोकांनी धडाधड श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली. शेवटी बाबांनीच खाली लिहिलं, "मी जेवतोय. नंतर बोलू."

तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो.

गेले ते क्रू सोम. माझे थाय बॉक्सिंगचे सर. क्रू म्हणजे थाय भाषेत गुरू.

लंडनच्या हाउन्सलो भागात टायरच्या दुकानामागे त्यांचं जिम. मी गेलो होतो पोट कमी करायला. पोट आहे तिथंच आहे, पण मीही तिथून हललो नाही.

कोणाची फाइट असली की आम्ही सगळे त्यांच्या व्हॅनमध्ये. कधी लेस्टर, कधी स्वॉन्झी. मागे ग्लव्ह्ज, घामट टॉवेल आणि नॉयने, म्हणजे त्यांच्या बायकोने, बांधून दिलेला चिकट भात. त्याच्यावर माझ्या आईनं नागपूरहून पाठवलेला ठेचा.

क्रू ठेचा खायचे, डोळे पुसायचे आणि म्हणायचे, "युअर मदर, व्हेरी गुड फायटर."

अशाच एका परतीच्या प्रवासात त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावाकडे बाप गेला की मुलगा डोकं भादरून एक दिवस भिक्खू होतो. त्याच्या भगव्या वस्त्राचं टोक धरून बाप वर जातो म्हणे.

"मी, नो सन," क्रू म्हणाले. हसतच म्हणाले, पण रस्त्यावरची नजर काढली नाही. "यू डू फॉर मी?"

"येस क्रू, शुअर."

मोटरवेवर माणूस कशालाही हो म्हणतो.

मागच्या वर्षी त्यांना लिव्हरचा कॅन्सर निघाला. शेवटचे महिने फार हाल झाले. पॅडवर माझी लाथ झेलून जागचा न हलणारा माणूस, त्याला कुशीवर वळायला दोन नर्स लागायच्या.

गेले तेव्हा रडलो. पण खरं सांगतो, आधी हुश्श झालं. सुटले बिचारे.

इथे अंत्यसंस्कारालाही स्लॉट मिळावा लागतो. तो मिळाला त्या दिवशी नॉयचा फोन.

"क्रू सेड, यू डू."

मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते. नुसते विसरले नव्हते, बायकोला सांगून निश्चिंत झाले होते.

आता माझी अडचण समजून घ्या. आपल्यात बाप असताना मुलगा डोकं भादरत नाही. मी तसा हे मानणारा नाही. पण दिवाळीत बाबांच्या हृदयात दोन स्टेंट बसलेत. अशा वेळी न मानणारा माणूसही जरा जपूनच मानत नाही.

आणि नाही म्हणावं तर क्रू कोणाचं टोक धरून जाणार?

घरी फोन लावला. आई हादरलीच.

"बापा! काय बोलून राहिला तू? बाबा आहेत ना तुझे! असं करते का कोणी?"

"आई, ते शेंडीचं वगैरे नाही. त्यांची पद्धत आहे."

"पद्धत गेली खड्ड्यात. आत्ता कुठं हॉस्पिटलातून घरी आणलं त्यांना."

मग बाबांनी तिच्या हातून फोन घेतला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. आता हे नाही म्हणतील, आणि यांचं 'नाही' मला मोडता येणार नाही.

"त्यांच्या मागे कोण आहे?"

"बायको आहे. मुलगा नाही."

"मग मला काय विचारून राहिला?"

मग बाबाच पुढे म्हणाले,

"माझं तर तुला करायचंच आहे कधीतरी. आधी त्यांचं नीट कर. हात बसेल."

मागून आई ओरडली, "अहो!" आणि बाबा चक्क हसायला लागले. स्टेंट बसल्यापासून पहिल्यांदा इतके मोकळे हसले. मी किचनमध्ये खाली बसून घेतलं.

थोड्या वेळानं आईचा परत फोन.

"भुवयासुद्धा काढतेत का रे?"

"हो."

"...बरं. कानटोपी घालजो. थंडी असंल तिथं."

काल सकाळी थाय देवळात नॉयने माझी पहिली बट कापली. बाकीचं भंतेंनी उरकलं. भगवी वस्त्रं नेसवली. सोललेल्या अंड्यासारखा दिसत होतो.

मग स्मशानात. शवपेटीला पांढरा दोरा बांधतात आणि तो धरून पुढे चालायचं. आपल्याकडे मुलगा मडकं धरून चालतो ना, तसंच. मला वाटलं होतं फार जड जाईल. उलट फार हलकं वाटलं. पुढे मी होतो, मागून क्रू येत होते.

भंतेंनी एकच गोष्ट बजावली होती. वस्त्र अंगावर असेपर्यंत कोणाही संसारी माणसापुढे हात जोडायचे नाहीत. तो तुझा गुरू असला तरी.

नॉय पेटीपुढे वाकली. जिममधली दांडगी पोरं, पोरी एकेक करून वाकली. मग तेच सगळे माझ्यापुढेही वाकले. पडदा सरकला, पेटी दाहिनीत गेली, आणि मी हात खाली सोडून उभा.

इतक्या वर्षांत त्यांना नमस्कार केल्याशिवाय मी कधी जिमच्या बाहेर पडलो नव्हतो.

संध्याकाळी वस्त्रं परत केली. जीन्स चढवली. देवळाच्या पार्किंगमध्ये आलो, बूट नीट बांधले आणि दोन्ही हात जोडले.

क्रू, हा राहिलेला नमस्कार. सुखानं जा.