आमचा बंब चंद्रावर गेला तेव्हा

आमचा अंघोळीच्या पाण्याचा बंब एकदा चंद्रावर जाऊन आला. परत आला तो पोचे पडून, आणि पुढं कितीतरी वर्षं त्याची तोटी गळत राहिली. हा माझ्या धाकट्या दिरांचा उद्योग. भाऊजी तळेगावच्या शाळेत शास्त्र शिकवायचे, आणि शिकवता शिकवता त्यांचंच डोकं फिरलं, असं माझं स्पष्ट मत होतं.

सुट्टीत ते लोणावळ्याला आमच्याकडं असत आणि मुंबईच्या एका शेटच्या बंगल्यावर त्याच्या पोरांची शिकवणी घेत. शेटकडं हातात मावणारा सिनेमाचा कॅमेरा होता. त्यातला शेटचा रस संपला आणि भाऊजींचा सुरू झाला. लढाई लागायच्या आधीची ही गोष्ट.

सिनेमा असा की शंभर वर्षांनी मावळातली माणसं बंबात बसून चंद्रावर जातात, तिथं भात लावतात आणि पीक आलं की नाचतात. बंबाला दोर बांधून तो आंब्याच्या फांदीवरून वर ओढला, आणि दोर दिसू नये म्हणून खाली ओल्या गवताचा धूर केला. चंद्र म्हणजे तिकोणा पेठ गावाच्या वरचा उघडा कातळ. नाचणारी मंडळी तळेगावजवळच्या इंदुरीची, माझ्या सासूबाईंच्या माहेरची. मी विचारलं, "भाऊजी, चंद्रावर भाताला पाणी कुठून येणार?" तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त बसा."

खरोखरच मला फक्त बसायचंच काम होतं. सगळे नाचतात तेव्हा मी एका दगडावर बाजूला बसून लांब पृथ्वीकडं बघते, एवढंच. चंद्रावर थंडी फार, म्हणून माझ्या हातांत कोपरापर्यंत शेटचे पांढरे मोजे घातले. कपाळावर भुवयांपर्यंत चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद बांधला. लुगडं माझं मीच निवडलं होतं, आकाशी रंगाचं. आकाशात जायचंय तर आकाशी नेसावं, एवढी अक्कल मी चालवली.

शेटच्या मोटारीच्या गॅरेजात भर दुपारी दारंखिडक्या लावून खेळ झाला. इंदुरीची मंडळी गाडीनं आली होती, येताना भाकऱ्या बांधून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. पोरं लहान असतानाच त्यांचं कपाळ पांढरं झालं होतं. त्या नेहमीसारख्या पार मागं, भिंतीला टेकून बसल्या.

पडदा लागला आणि भाऊजी उभे राहून म्हणाले, "मंडळी, शंभर वर्षांनी आपलं काय होणार, ते आता तुम्हाला दिसेल." इथंच घात झाला. शाळेत असं बोललेलं चालतं. इंदुरीच्या माणसांनी ते शब्दाला शब्द धरलं.

बंब उडाला तशी बायकांनी हात जोडले. मग कातळावर माणसं उतरली आणि गलका सुरू झाला. तो बघ आपला सुतार, ती बघ त्याची सून. सगळ्यांना आपापला माणूस दिसला, फक्त आबांना आबा दिसेनात. आबा म्हणजे आत्याबाईंचे थोरले भाऊ. कातळावर काम चाललं होतं त्या दिवशी ते बैल बघायला परगावी गेले होते.

"मी कुटं हाय?" आबांनी अंधारातून विचारलं.

"तुम्ही त्या दिवशी नव्हता ना, आबा," भाऊजी म्हणाले.

"न्हवतो, का फुडं न्हसंन?"

"अहो, शंभर वर्षांनी आपण कुणीच नसणार."

"मग ह्यो सुतार कसा हाय? माज्यापरास थोरला हाय त्यो."

आबा खरंच हादरले. आयुष्यात कधी कुणापुढं न वाकलेला माणूस, पण पंच्याच्या टोकानं तोंड पुसत बसला. ते बघून मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात पडद्यावर मी आले.

पण ती मी नव्हतेच. माझं आकाशी लुगडं पडद्यावर पांढरंफटक होतं. कागदाखाली कुंकू गेलेलं, मोज्यांखाली बांगड्या गेलेल्या. मागं सगळे नाचत होते आणि एक पांढऱ्या लुगड्यातली, बोडक्या कपाळाची, रिकाम्या हातांची बाई बाजूला दगडावर बसली होती. माझे मिस्टर शेजारीच जिवंत बसलेले. कुणीतरी "अगं बया" म्हणालं.

मागं दार उघडल्याचा आवाज झाला. ऊन आत आलं आणि पडद्यावरचं सगळं पुसट झालं. आत्याबाई उठून निघून गेल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी कुणाशी बोलणं टाकलं. जेवण टाकलं. मागच्या पडवीत बंबाशेजारी जाऊन बसल्या त्या बसल्याच. इंदुरीच्या बायका मला गोठ्यातल्या आजारी गाईसारखं निरखून गेल्या. एकवीरेची ओटी भर, म्हणाल्या. सिनेमा जाळून टाक, असंही सांगून गेल्या. माझे मिस्टर इंजिनशेडमध्ये फिटर. घाटात गाड्या चढवणाऱ्या इंजिनांवर त्यांना जावं लागायचं. एरवी मी त्यांची वाट बघत बसणारी बाई नव्हे, पण ते दिवस मी दारातून हलले नाही. शेडचा भोंगा वाजला की उठून उभी राहायचे. शिकलेली होते मी, तळेगावची होते, आणि तरी माझी पाचावर धारण बसली होती. असल्या वेळी शिक्षण कुठं जातं, कोण जाणे.

भाऊजी बिचारे लुगडं घेऊन घरभर समजावत फिरत होते. फिल्मला निळा रंग वेगळा कळत नाही, आकाशी तर पांढराच दिसतो, यात अपशकुन कसला? त्यांचं सगळं बरोबर होतं. पण ज्या आईसाठी ते समजावत होते, ती मान वर करून बघत नव्हती. उन्हाळाभर खपून केलेलं काम होतं ते. दिवसेंदिवस त्यांचं तोंड उतरत चाललं होतं.

शेवटी ह्यांनी निर्णय घेतला. एका सकाळी बंब पेटवला, फिल्मचा डबा आणून आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "टाक तुझ्या हातानं. पण दोन घास खा." भाऊजी दाराशी उभे होते. मला त्यांची दया येत होती, आणि तरी मनातून वाटत होतं, टाका एकदाचा.

आत्याबाईंनी डबा उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

"तुमास्नी वाटलं, मी अपशकुनाला भ्याले?" त्या म्हणाल्या. "सिनेमात पांढरं नेसून दादला मरत असता, तर लय जनी मोकळ्या झाल्या असत्या."

त्या भाऊजींकडं वळल्या.

"तू म्हनलास शंभर वर्सांनी. बंब उडाला, मला लय बरं वाटलं. मानसं चांदावर गेली, भात पिकला, समदी नाचाय लागली. आन तितं बी रंडकी कडंलाच? तितं बी तिला दगडच व्हय रं?"

"आई, ती विधवा नाहीच. ती नुसती बसलीय."

"मी बी नुसतीच बसती," आत्याबाई म्हणाल्या.

लग्नं, बारशी, हळदीकुंकू, त्या घरात येऊन मी किती समारंभ केले होते. प्रत्येक वेळी त्या मागं भिंतीशी. त्यांना तिथंच आवडतं, असं मी खुशाल धरून चालले होते.

डबा त्यांनी भाऊजींच्या हातात परत दिला. "जाळू नगं. नीट कर. शंभर वर्सं कमी पडत असतील तर दोनशे कर."

भाऊजींनी ते केलं. पुन्हा तिकोणा पेठेला गेलो. या वेळी आबा सगळ्यांच्या आधी कातळावर हजर होते. मी ठसठशीत कुंकू लावून नाचले. दगड रिकामा ठेवला. पुढच्या खेळाला भाऊजी सुरुवातीलाच म्हणाले, "दोनशे वर्षांनी." आबा दिसले तेव्हा इंदुरीकरांनी गॅरेज डोक्यावर घेतलं. रिकामा दगड कुणाच्या लक्षातही आला नाही. आत्याबाई तेवढ्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आता बरं हाय."

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडं होतं. मी मनाशी ठरवलंच होतं. सगळ्या बायकांसमोर करंडा घेऊन मी मागच्या भिंतीपाशी गेले आणि बोट कुंकवात बुडवून त्यांच्या कपाळाकडं नेलं.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट, पण रागानं नव्हे. माझं बोट त्यांनी आपल्या पदराला हळूच पुसलं.

"आजून येळ हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "दोनशे वर्सं म्हनलं न्हवं का मी?"