आयलीनच्या घरातली सातवी

शाळेसमोरच्या रस्त्यावर हातात गोल पाटी घेऊन मी चौदा वर्षं उभी राहते आहे. गाड्या अडवायच्या आणि पोरांना पलीकडे पोचवायचं, एवढंच काम. समुद्रावरचा वारा थेट कानात घुसतो, गुडघे कुरकुरतात, मोटारवाल्यांची बोलणी वेगळीच. पण कुणाचं पोर कुणाचा हात धरून घरी जातं ते इथून दिसतं, आणि आमच्या वर्किंग्टन गावात कुणाचं कसं चाललंय हे त्यावरून बरोबर कळतं.

आयलीन बर्केट माझ्या घरासमोर राहते. अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि बावीस वर्षं घरीच पाळणाघर चालवते. सव्वातीनला ती शाळेच्या फाटकाशी यायची तेव्हा जुळ्यांच्या बाबागाडीत दोन तान्ही, गाडीच्या दांड्याला धरून तिसरं, आणि वर्गातून सुटलेली तीन मिळून सहा व्हायची. तिच्या फ्रीजवर सरकारी कागद लावलेला आहे : आठ वर्षांखालची सहाच मुलं, त्यांत शाळेत न जाणारी तीनच. घरचं मूलही ह्याच सहांत धरायचं. नियम वेडा आहे असं मी म्हणणार नाही. तिचे हात मी रोज बघते, दोनच आहेत.

पण बाकीच्या पाळणाघरवाल्या गेल्या कुठे, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. तीन वर्षांत आमच्या भागातल्या चौघींनी कंटाळून काम सोडलं. शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणारा शाळेचाच एक वर्ग होता, तो माणसं मिळेनात म्हणून बंद पडला. उरली एकटी आयलीन.

ऑक्टोबरच्या शेवटी तिची मुलगी कर्स्टी, जी कार्लाइलला असते, ती मनाने पार खचली आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं. तिची सहा वर्षांची रोवन एक पिशवी आणि शाळेचं दप्तर घेऊन आजीकडे आली, तिला इथल्याच शाळेत घातलं. पोरगी रडली नाही, काही मागितलं नाही. मला तेच बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयलीन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा तसाच गार झाला. रोवन धरून सात होत होती. तिच्याकडे येणारा एलिस नऊ फेब्रुवारीला आठ वर्षांचा होणार होता, म्हणजे त्या दिवसापासून तो मोजणीतून सुटणार. प्रश्न मधल्या तीन महिन्यांचा होता. शेवटी आलेली होती पाच वर्षांची कॉनी, सप्टेंबरात शाळेबरोबरच सुरू झालेली. रीतीप्रमाणे जायला हवं होतं तिने. आणि कॉनीची आई लॉर्ना एकटी, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुते, साडेपाचला सुटते. जागा गेली तर तिला अर्धी पाळी घ्यावी लागली असती, आणि सोडलेली पूर्ण पाळी परत देतो कोण?

गल्लीतल्या सगळ्यांनी आयलीनला एकच सल्ला दिला. स्वतःची नात आहे, कोण बघतंय? मीही तेच म्हटलं.

"एखादं पोर जिन्यावरून पडू दे, ऑलिव्ह, मग सगळेच बघतील," ती म्हणाली. "आणि तेव्हा मी काय सांगू? सात होती, पण एक माझीच होती?"

मग तिनेच तोड काढली. पाचला तिच्याकडच्या धाकट्या थिओचा बाप त्याला न्यायला येतो. तो गेला की घरात पाच उरतात, म्हणजे रोवन आत येऊ शकते. सव्वातीन ते पाच रोवनला मी सांभाळायचं. मैत्रिणीने मैत्रिणीच्या नातीला सांभाळलं, त्याला कागद लागत नाही.

"कॉनीलाच सांभाळते की माझ्याकडे," मी म्हटलं.

"लॉर्नाने विश्वास टाकलाय माझ्या घरावर. तिचं पोर मी दुसरीकडे कसं टाकू? आपल्या माणसाला सांगता येतं, बाई. आपलं माणूस समजून घेतं."

आपलं माणूस सहा वर्षांचं होतं. पण मी हो म्हटलं.

तेव्हापासून शाळा सुटली की रोवन माझ्या पाटीपाशी येऊन उभी राहायची, आणि आजी तिच्यासमोरून सहा पोरं घेऊन जायची. आयलीन जाताना तिच्या टोपीवरून हात फिरवायची. माझ्या घरी मी तिला टोस्ट करून द्यायची, चित्रं काढायला कागद द्यायची. टोस्ट ती खायची, पण कोट काही काढायची नाही. खिडकीत बसून समोरच्या घराकडे बघत राहायची. समोर दिवे लागलेले असायचे, कॉनी आणि एलिस टेबलाशी बसून फिश फिंगर खात असायचे. नोव्हेंबरात इथे चारलाच अंधार पडतो, त्यामुळे सगळं अगदी स्वच्छ दिसायचं. मी पडदा ओढायला गेले तर म्हणायची, "राहू दे ना, मिसेस मॉसप."

पाचला मी बँकेच्या सफाईला निघते. तिला रस्ता ओलांडून द्यायचा आणि फाटकातून आत सोडून पळायचं, हे ठरलेलं. त्या गुरुवारीही तसंच केलं. पाऊस होता, उशीर झालेला, मी घड्याळाकडे बघितलं आणि खिडकीकडे बघितलं नाही. पुलावर ट्रक आडवा झाल्यामुळे थिओचा बाप क्रेग अजून आलाच नव्हता. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलणार नाही.

पावणेसहाला क्रेग पोचला तेव्हा पोरगी पायरीशेजारी भिंतीला चिकटून उभी होती, नखशिखांत भिजलेली. आत का गेली नाहीस, असं त्याने विचारलं. तर म्हणाली, थिओ अजून खुर्चीत आहे. मी मोजलं. मी गेले तर आजीचा कागद जाईल.

हे मला क्रेगनेच नंतर सांगितलं. आयलीन आत सहा पोरांत अडकलेली. तिला वाटत होतं, क्रेगला उशीर झालाय म्हणून मी रोवनला माझ्याकडेच ठेवून घेतलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॉर्नाला माझ्यासमोरच गाठलं. डोळे सुजलेले होते. चार आठवड्यांची सूचना आणि फेब्रुवारीत जागा परत, एवढंच कसंबसं बोलली.

लॉर्ना भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुझ्या जागी मी हेच केलं असतं. आधीच केलं असतं."

पाचपर्यंत कॉनीला माझ्याकडे ठेव, थिओ गेला की आयलीनकडे पाठवते, असं मी म्हटलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"सकाळी शाळेच्या न्याहारीला, मग वर्गात, मग आयलीनकडे, मग घरी. पाच वर्षांची पोर दिवसात चार दारं बदलते, ऑलिव्ह. पाचवं नको आता." आणि पाळी गाठायला ती निघून गेली. फेब्रुवारीपर्यंत धुलाईखाना तिची वाट बघत बसणार नव्हता, हे तिघींनाही ठाऊक होतं. त्या दिवशी मला नियमाचा राग आला नाही, कुणाचाच आला नाही. नुसता शीण आला.

डिसेंबरातला दुसरा सोमवार, सूचनेचे चार आठवडे संपलेले. शाळा सुटली आणि सवयीने रोवन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी म्हटलं, आजपासून तू आजीबरोबर जायचं, सरळ घरी. तिने आजीकडची पोरं मोजली. मग फाटकाकडे बघितलं. तिथे लॉर्ना अर्धी पाळी करून भर दुपारी कामाच्या निळ्या कपड्यांतच आलेली, आणि कॉनी तिच्या हाताला हिसके देऊन आयलीनच्या गाडीकडे ओढत होती, मला फिश फिंगर खायला जायचंय म्हणून रडत होती.

आयलीनने रोवनचा हात धरला. रोवनने तो हळूच सोडवून घेतला.

"आजी, तिला घे," ती म्हणाली. "मी राहते बाहेर. मला जमतं ते."