आईच्या तोंडी दुसरा आवाज

मालवणात आमची चित्रपट बघणाऱ्यांची एक छोटी मंडळी आहे. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावायच्या, प्रोजेक्टरचा झोत भिंतीवर मारायचा आणि पंधरा-वीस जणांनी बसून एक चित्रपट बघायचा, एवढंच. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून चित्रपट निवडणं आणि नंतर त्यावर दोन शब्द बोलणं माझ्या गळ्यात पडलं. नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "सर, तुमचा सगळ्यात आवडता कुठला?"

माझी उत्तरं ठरलेली आहेत. एक चित्रपट दोन भावांचा, सबंध वेळ ते बापाच्या घराची कौलं परतत असतात आणि वाटणीचा विषय एकदाही निघत नाही. दुसरा परदेशी, बेटावरच्या एका पोस्टातल्या बाईचा. ते का मोठे, हे मी बरं सांगतो. पात्राचं काम झालं, बोलणं झालं, तरी कॅमेरा लगेच हलत नाही. माणूस हात पुसतो, कुठेतरी बघतो, आणि तिथे तो खरा दिसतो. लोक माना डोलावतात.

पण मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला चित्रपट यातला नाही. तो अगदी सुमार आहे. मुंबईचा एक तरुण गावातली जमीन विकायला येतो आणि त्या जमिनीच्याच प्रेमात पडतो, अशी काहीतरी गोष्ट. त्याचा शेवट मला नीट सांगताही येणार नाही. मी बघतो ते मध्यावरचं एक दृश्य. त्यात माझी आई आहे.

आमचं घर देवबागला, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथे चार दिवस चित्रीकरण होतं. आई अंगणात माडाची झावळं विणत बसली होती. ती उठून विहिरीकडे गेली, ते दिग्दर्शकानं पाहिलं आणि म्हणाला, या बाईंनाच घेऊ. नायक वाट विचारतो आणि गावातली बाई उत्तर देते, एवढं काम होतं. कागदावर वाक्य होतं, "इथून पुढे रस्ता नाही."

आई म्हणाली, "असा हंय कोण बोलणा नाय."

"मग तुम्ही कसं म्हणाल?"

"हंय वाट संपता. फुडे दर्या."

तेच ठेवलं. हे सगळं मला बाबांनी सांगितलं. मी त्या दिवशी शाळेत होतो. संध्याकाळी आलो तेव्हा आई चुलीशी होती आणि शूटिंगचं विचारलं तर म्हणाली, "होता कायतरी. उन्हात तीनदा चलवल्यानी माका."

पुढच्या आषाढात ती गेली. सकाळी न्हाणीत पडली, ती उठली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

चित्रपट लोकांपुढे यायला त्यानंतर वर्षभर लागलं. थिएटरात तो फारसा लागलाच नाही, थेट मोबाइलवर आला. मी आणि बाबा ओटीवर बसून बघत होतो. आई वाटेवर दिसली. जुनं हिरवं लुगडं, काखेत सूप. बाबा पुढे वाकले. नायकानं विचारलं, आई थांबली, तिनं तोंड उघडलं आणि एका भलत्याच बाईचा आवाज आला. तरुण, गोड, शहरात शिकलेली मालवणी. दर्या शब्दाला हेल काढलेला.

"बंद कर," बाबा म्हणाले.

मी बंद केलं.

"तोंड तिचा हा. बोलता दुसरीच कोणतरी."

ते उठून मागच्या दारी गेले आणि त्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला नाही.

मी पाहत राहिलो. आईचे फोटो होते, पण हलणारी आई जवळजवळ एवढीच होती. तिच्याकडे बटणांचा फोन होता आणि तिला फोनवर बोलण्याचा कंटाळा. एका भाचीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती गर्दीत क्षणभर दिसते, पण त्यावर सगळीकडे गाणी घातलेली. म्हणून मी तेच दृश्य पाहायचो, शाळेला निघण्याआधी, कधी मधल्या सुट्टीत. ती वळते तेव्हा डावा पाय जरा ओढते, ते माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. कपाळावर घामानं चिकटलेले केस दिसतात. उत्तर दिल्यावर ती नायकाकडे न बघता त्याच्या चपलांकडे बघते. तिला ते कुणी सांगितलं नसणार.

याची किंमत मला उशिरा कळली. एकदा पेजेबरोबर खारातली कैरी खाताना मला आईचं बोलणं आठवलं. लहानपणी मी कैरी चोरून खाल्ली की ती जे म्हणायची ते. शब्द सगळे बरोबर आठवले, पण बोलली ती चित्रपटातली बाई. मी दुसरं काही आठवून पाहिलं. खाडीत पोहायला उतरवताना आई काठावरून सांगायची ते, आजीशी भांडायची ते, तापात माझ्या उशाशी बसून पुटपुटायची ते. सगळीकडे तीच बाई. माझ्या जन्मापासूनच्या घरात कुणीतरी शिरून प्रत्येक खोलीत आईच्या जागी बोलत होतं. आईचा स्वतःचा आवाज शोधायला गेलो की तिथे काहीच नव्हतं.

तोवर माझं लग्न झालं होतं. बायकोनं आईला पाहिलंच नव्हतं. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शूटिंगच्या वेळी खरा आवाज घेतला असेल ना? तो कुणाकडे तरी असेल."

मला हे सुचलं नव्हतं. चित्रीकरणासाठी गावात घरं मिळवून देणारा माणूस तारकर्लीत राहतो. त्याच्याकडून आवाज घेणाऱ्याचा नंबर मिळाला. मी त्याला लिहिलं. दोन महिने काही आलं नाही. मग एका दुपारी त्याचा स्वतःचा फोन आला. बोलायला फार सभ्य माणूस.

"त्या दिवशी वारा फार होता," तो म्हणाला. "वाक्य नीट आलं नाही, म्हणून स्टुडिओत पुन्हा घ्यायचं ठरलं. आम्ही तुमच्या आईंनाच बोलावणार होतो. घरी फोनही केला होता."

"कधी?"

"पावसाळ्यात. एका गृहस्थांनी उचलला. म्हणाले, त्या बाहेर गेल्यात, कधी येतील सांगता येत नाही. आठवड्यानं परत केला, तर तेच म्हणाले. मग आम्ही दुसऱ्या एकीकडून करून घेतलं."

आई त्याच आषाढात गेली, एवढंच मी म्हणालो. त्यालाही बहुधा अंदाज आला. जुन्या डिस्क बघतो, म्हणाला.

फाइल आली ती एक मिनिट आणि थोडी. मी चित्रकलेच्या वर्गात, मुलं गेल्यावर, कानाला लावून ऐकली. आधी वारा, नुसता वारा. मग त्यात बुडालेलं ते वाक्य, जेमतेम कळणारं. कुणीतरी म्हटलं, कट. आणि यंत्र चालूच राहिलेलं असताना वारा क्षणभर पडला आणि एक बाई स्पष्ट बोलली, "झाला मां? मी जातंय. ह्येंच्या च्यायची येळ झाली."

जाडसर, बसका आवाज. नवऱ्याच्या चहासाठी घाईत असलेली बाई. मला वाटलं, त्यानं चुकून दुसऱ्या कुणाची फाइल पाठवली. मी ती चार-पाच वेळा ऐकली आणि प्रत्येक वेळी ती बाई मला परकीच वाटली. एवढं मला त्याआधी कशाचंच भय वाटलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा बाबा मागच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते. मी शेजारी बसून फोन त्यांच्यापुढे धरला. वारा सुरू झाला तसा त्यांनी प्रश्नार्थक माझ्याकडे पाहिलं. मग वाक्य आलं, मग कट आलं. ती बोलली तेव्हा त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"ही तीच काय ओ?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचीच लाज वाटली.

"तुका वळखाक येणा नाय?"

"नाय."

त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग मी त्या फोनचं विचारलं. मुंबईहून आलेला, पावसात, दोनदा.

"पयलो इलो तेव्हा तिचे धा दिवस पण जावक नव्हते," बाबा म्हणाले. "तो इचारी, बाई आसत काय. माज्या तोंडातसून ता येयना. म्हटलंय, भायर गेलीहा."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा माकाच बरा वाटला, तसा सांगाक." त्यांनी कातरलेली सुपारी पानाच्या डब्यात भरली. "कोणाच्यातरी लेखी ती भायर गेलेली आसली, तर आसांदे, म्हटलंय."

मला त्यांचा राग यायला हवा होता, असं मला वाटत होतं. आला नाही. त्यांनी फाइल स्वतःच्या फोनवर मागून घेतली, आणि ती लावायची कशी हे बायकोकडून दोनदा शिकून घेतलं.

आता ते रोज दुपारी ऐकतात, पडवीत, आवाज मोठा करून. घरभर वारा सुटतो आणि मग आई म्हणते, ह्येंच्या च्यायची येळ झाली. पहिले काही दिवस बायको दचकायची. आता ती ऐकते, हातातलं ठेवते आणि चहाचं पाणी चढवते. मी शाळेतून लवकर आलो तर ओटीवर बसून तो आवाज ऐकतो. रोज ऐकून तो ओळखीचा होत चालला आहे, पण आठवणारा नाही, फक्त ऐकलेला. आई मनात आली की अजूनही ती दुसरीच बाई बोलते.