पूजा अलग, मत अलग

उपरण्याने चष्मा पुसला की समजायचं, निकाल आला.

टॉकीजच्या पायऱ्या उतरताना महाराज मधल्या पायरीवर थांबायचे. चष्मा काढायचे, उपरण्याच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसायचे, आणि तो परत नाकावर चढेपर्यंत खाली उभी असलेली माणसं गप्प राहायची. पुढच्या खेळाचं तिकीट काढायचं की घरी जायचं, हे पुष्कळांचं त्यावर ठरायचं.

रेवा, ईशान, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, त्या स्पाय पिक्चरचा नवा भाग पाहिलास? आवडला?" एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण माझं उत्तर महाराजांशिवाय पुरं होत नाही. म्हणून आधी माणूस सांगते, मग सिनेमा.

आपल्या वऱ्हाडात पूजा सांगणाऱ्या भटजींना महाराज म्हणतात. हे महाराज आपल्या गल्लीच्या टोकाला राहायचे. अमरावतीच्या त्या जुन्या टॉकीजमध्ये आताच्या मालकांच्या वडिलांनी एक रीत पाडली होती. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाआधी पडद्यापुढे पूजा व्हायची. नारळ फुटायचा, पडद्याच्या चौकटीला कुंकवाचं स्वस्तिक निघायचं, आणि दक्षिणा म्हणून महाराजांना बाल्कनीतली कडेची खुर्ची मिळायची. धोतर, उपरणं, कपाळाला गंध अशा थाटात ते तिथे बसत. कोणी टोमणा मारला, "महाराज, देवाचं करता अन् पिच्चर पाहता?" की उत्तर तयार असे, "देवानं डोळे कायले देल्ले मंग?"

कॉलेजातली माझी इंग्रजीची नोकरी संपल्यावर मीही शुक्रवारी दुपारी जाऊ लागले. बाहेर पडताना ते विचारायचे, "मॅडम, तुमचं मत?"

"तसा बरा आहे," मी म्हणायची.

"ताप बरा होते, मॅडम. पिच्चर चांगला असते, नाई त नसते."

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही तिकडे फोनवर सगळं पाहत होतात. विधी चालू असताना मला एकाएकी रडू फुटलं. चारचौघांत असं मला कधी झालं नव्हतं. मी कशीबशी म्हणाले, "महाराज, तुम्ही चालू ठेवा." त्यांनी पोथी मिटली. "मंतर कुठी पळून नाई जात. रडून घ्या. घाई नाई." आणि ते खरोखर थांबले. पुढच्या घरचा माणूस न्यायला येऊन दारात उभा होता, तरी थांबले.

आता सिनेमा. तुमच्या त्या गुप्तहेराचा मागचा भाग लागला तेव्हा मालकांनी नवा पडदा बसवला होता, नवे स्पीकर लावले होते. नायकाचा फोटो टॉकीजच्या गच्चीपर्यंत चढला होता. पूजा आटोपल्यावर मालक महाराजांजवळ आले.

"महाराज, आज तेवढं काही बोलू नोका. सारं या पिच्चरवर लावलं म्या. बाहेर चॅनलवाले येऊन राह्यले. नुसतं चांगला हाये म्हना अन् घरी जा."

"यश तं मागतलं ना भाऊ तुमच्यासाठी. मनापासून मागतलं."

"ते हायेच. पन मत?"

"पूजा अलग, मत अलग."

मालक हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

सिनेमात नायकाने विमानातून उडी मारली, पूल उडवला, आगीतून चालत आला. त्याचा भांग काही मोडला नाही. मग त्याच्या आईला गोळी लागली आणि ती त्याच्या मांडीवर गेली. महाराजांनी अंधारात हात जोडले. पुढच्याच दृश्यात तो काळा चष्मा लावून बोटीवर नाचत होता.

"अरे, सुतक!" महाराज उभे राहून ओरडले.

बाल्कनी खो खो हसली. मध्यांतरानंतर एक दार उघडलं आणि त्याही आधीच्या भागात जळून राख झालेला खलनायक कोट घालून आत आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "ह्याची त तेरवी झाली!" महाराज म्हणाले. पुन्हा हशा. मीही हसले. बाजूला पाहिलं तर ते हसत नव्हते.

बाहेर पायऱ्यांवर कॅमेरा होता. मालकांनीच मोठ्या कौतुकाने सांगितलं, "हे आमचे महाराज, पूजा यांचीच." चॅनलच्या मुलाने माइक पुढे केला. महाराजांनी चष्मा पुसला.

"पूजा म्या मनापासून केली," ते म्हणाले. "पिच्चर त्याईनं मनापासून नाई केला. माय मेली अन् पोरगं लगेच नाचून राह्यलं. जळालेला मानूस परत आला. मेलेलं असं परत येत असंल, त मंग कोनाच्या मरन्याचं दुःख काऊन करायचं? म्या सकाळी एका घरी दहाव्याचं करून आलो. बाप गेलेली पोरगी सारखी दाराकडं पाहून राह्यली होती. तिले दाखवाल का हे?"

"महाराज, पुरे!" मालकांचा चेहरा उतरला होता. "साऱ्या पब्लिकले आवडते, तुमालेच काऊन खटकते?"

"पब्लिकचं पब्लिकले इचारा. मले इचारलं, म्या सांगतलं."

तो व्हिडिओ गावभर फिरला. महाराजांना अकोल्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, कायले बोलता असं? यजमान तुटतील." दोन-चार घरं तुटलीही. पुढच्या शुक्रवारी पडद्यापुढे दुसरेच महाराज पूजेला बसले होते आणि कडेच्या खुर्चीवर कोणी पाहुणा होता.

आमचे महाराज तिकिटाच्या रांगेत उभे होते.

मी म्हटलं, "थोडे दिवस नाही आलात तर?"

"माह्यं काय चुकलं, ते सांगा. मंग नाई येत."

मी त्यांच्यामागे रांगेत उभी राहिले. ते खाली, पडद्याच्या अगदी जवळ बसले. त्या दिवशीचा सिनेमा लहानसा होता, नावाजलेलं त्यात कोणी नव्हतं, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या. सुटल्यावर मधल्या पायरीवर उपरणं निघालं. "चांगला हाये. घरच्याईले घेऊन या." संध्याकाळच्या खेळाला रांग लागली.

मालक स्वतः पायरीपर्यंत आले. "त्या दिवशी बुडवलं, आज तारून राह्यले का?"

"ना बुडवलं, ना तारलं. पाह्यलं ते सांगतलं."

"पुढच्या शुक्रवारी पूजेले या, महाराज. खुर्ची तुमचीच हाये. फक्त एक कबूल करा..."

"कबूल काई नाई, भाऊ."

आणि ते गेले नाहीत. पूजेला बोलावणं येत राहिलं, त्याला जोडलेली अटही येत राहिली, आणि महाराज रांगेत उभे राहून तिकीट काढत राहिले.

पुढे त्यांना दम लागू लागला. मुलगा अकोल्याला घेऊन गेला. तिथून दर शुक्रवारी संध्याकाळी मला फोन यायचा. "मॅडम, कोनता लागला? अन् बरा म्हनू नोका, नीट सांगा." मी नीट सांगायला शिकले. काय पटलं, काय नाही, का नाही, सगळं क्रमाने. ते मध्ये मध्ये "हां" म्हणायचे. एका शुक्रवारी फोन आला नाही.

महाराजांच्या दहाव्याला मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेले. मालक माझ्याआधी पोचले होते, भिंतीला टेकून बसले होते. विधी सांगणारे तरुण महाराज भरभर पुढे जात होते आणि मुलाला हुंदका आवरत नव्हता. मालक उठले, त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "थोडं थांबा. पोराले रडू द्या." मग परत भिंतीशी जाऊन बसले.

त्यानंतर आला तुमचा हा नवा भाग. मी पहिल्याच खेळाला गेले. मागच्या भागात मांडीवर मेलेली ती आई यात जिवंत निघाली. केस कापलेले, हातात बंदूक. शिट्ट्यांनी टॉकीज दणाणलं. कडेच्या खुर्चीवरचा एक जण पॉपकॉर्न सांडत उभा राहून नाचला. मला मात्र दाराकडे पाहणारी ती मुलगी आठवत होती, जिला मी कधी पाहिलेलं नाही.

पायऱ्यांवर मालक उभे होते, शेजारी चॅनलची मुलगी.

"काकू, माय परत आली त पब्लिक पागल झाली. पाह्यलं ना?"

"पाहिलं," मी म्हटलं. "महाराज आले का परत?"

 मालकांची नजर मधल्या पायरीवर गेली आणि तिथेच राहिली.

तेवढ्यात मुलीने माइक माझ्यापुढे धरला. "आजी, कसा वाटला पिच्चर?"

"काकू..." मालक हळूच म्हणाले.

मी दोन पायऱ्या उतरून मधल्या पायरीवर थांबले. चष्मा काढला आणि पदराने एकेक काच पुसू लागले. खाली माणसं गप्प झाली. मला घाई नव्हती.